तीन मीटरवरचा अर्धा तास

कमळाकर घरतला पाण्याखाली जाण्याचं पहिलं कार्ड मिळालं, तेव्हा त्याला पाण्याखाली जाऊ लागून एकवीस वर्षं झाली होती.

साल शहाण्णव. नवीन पनवेलमधल्या एका पोहण्याच्या तलावावर हौशी पाणबुड्यांचा क्लब निघाला होता. काढणारा उदयसिंह. आखातात हॉटेलच्या पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवायची नोकरी करून तो परत आला होता. येताना हवेचे बारा सिलिंडर, एक कॉम्प्रेसर आणि शिकवायचा परवाना घेऊन आला. रविवारी दहा-बारा माणसं जमायची. कुणी बँकेतलं, कुणी विमा कंपनीतलं, एक दातांचा डॉक्टर. आधी तलावात शिकायचं आणि मग गव्हाणच्या वाटेवरच्या बंद दगडखाणीत उतरायचं. खाणीत पाणी साचून पंचवीस मीटर खोल डोह झाला होता.

कमळाकर गव्हाणचाच. क्लबात तो सिलिंडर भरायचा, टेम्पोत चढवायचा, खाणीच्या काठावर मांडून ठेवायचा. एकदा डॉक्टरांचा कमरेला वजन म्हणून बांधायचा शिशाचा पट्टा सुटून डोहात गेला. उदयसिंह सिलिंडर बांधायला लागला, तोवर कमळाकरने सदरा काढला, एका दमात खाली गेला आणि पट्टा खांद्यावर टाकून वर आला. उदयसिंह त्याच्याकडे बघतच राहिला.

"कुठे शिकलास?"

"धक्क्यांच्या कामावर, सर. पंच्याहत्तरपासून."

"मग इथे हमाली का करतोस? तुला कार्ड काढून देतो."

कार्डासाठी पन्नास प्रश्नांची परीक्षा होती आणि ती इंग्रजीत होती. कमळाकर मराठी सातवी. उदयसिंहने पेन काढलं आणि पन्नासच्या पन्नास चौकटींत स्वतःच खुणा केल्या. "तुला हे सगळं येतंच," तो म्हणाला. कमळाकरने खाली सही केली. न केलेल्या कामाखाली त्याने आयुष्यात सही केली नव्हती. ही पहिली.

महिन्याभराने कार्ड आलं. त्यावर त्याचा फोटो होता, डोळे मिटलेला.

पहिलं कार्ड अठरा मीटरपर्यंत चालतं. त्याखाली जायचं तर दुसरं लागतं. त्याला 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणतात. त्यावरून खाणीच्या काठावर दर रविवारी वाद व्हायचा.

"पाच बुड्या!" निनाद म्हणायचा. तो बँकेत अधिकारी होता आणि कुठल्याही गोष्टीचं मोल तपासल्याशिवाय तिला हात लावत नसे. "पाच बुड्या मारल्या की माणूस अ‍ॅडव्हान्स्ड? माझ्या मुलीला कथकच्या पहिल्या परीक्षेला तीन वर्षं लागली."

"तू नाचून दाखव, तुला पाच दिवसांत देतो," उदयसिंह म्हणायचा.

"मी मासे बघायला जातो. मासे दहा मीटरवर पण असतात. वीस मीटरवरचे मासे जास्त शिकलेले असतात का?"

सगळे हसायचे. एकदा निनादने कमळाकरलाच मध्ये ओढलं. "तुम्ही सांगा हो कमळाकर. या दुसऱ्या कार्डाचा काही उपयोग?"

कमळाकर सिलिंडरची चावी आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "पाणी काय कार्ड बघतंय? पाणी मानूस बघतंय."

निनादने टाळी दिली. हे वाक्य मग क्लबात महिनाभर फिरलं. कमळाकरलाही ते आवडलं होतं.

पण उदयसिंह डिसेंबरात क्लबाला लक्षद्वीपला नेणार होता. तिथे तीस मीटरवर उतरायचं होतं, आणि बरोबर दुसरं कार्ड असलेला एक मदतनीस हवा होता. "तू ये," तो कमळाकरला म्हणाला. "पाच बुड्या खाणीत करून टाकू. परीक्षेचं बघतो मी."

कमळाकरला जायचं होतं. किती जायचं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. खाडीचं पाणी काळं असतं. गाळात, खांबाच्या बुडाशी, सगळं काम चाचपून करायचं. एकवीस वर्षांत त्या पाण्याखाली त्याला स्वतःचा हात कधी दिसला नव्हता. लक्षद्वीपला म्हणे खालून वरची होडी दिसते.

मोडता घातला चारुताने. चारुता विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासायची. सही कुठे खरी आणि कुठे उरकलेली, हे बघण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती.

"कमळाकरभाऊ, पहिली परीक्षा कुणी दिली?"

"सरांनी."

"मग कार्डही सरांनाच द्यायला हवं होतं."

कमळाकर ओशाळला. ती म्हणाली, "दर शनिवारी दुपारी तीनला तलावावर या. मी पुस्तक मराठीत वाचून दाखवते. समजल्याशिवाय खूण करायची नाही."

"ताई, मना पाण्यातलं सगळं येतंय."

"येत असेल. मग दोन शनिवारांत संपेल."

पहिले दोन शनिवार होकायंत्र आणि हवेचा हिशोब यांत गेले. कमळाकर ते पटकन शिकला. होकायंत्र त्याला आवडलं. हातांच्या खुणा मात्र त्याला बावळट वाटल्या. या लोकांत अंगठा वर केला की 'ठीक आहे' असा अर्थ होत नाही, 'वर चला' असा होतो. त्याची भाषा दोरीची होती. पाणबुड्याच्या कमरेला दोरी, तोंडावर मुखवटा, मुखवट्याला होडीवरच्या कॉम्प्रेसरची नळी. दोरीचा एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे वर ओढ.

तिसऱ्या शनिवारी खोल बुडीचं प्रकरण निघालं. चारुताने पुस्तक उलटं ठेवलं.

"गोटी सोडा प्यायला आहात ना? गोटी दाबायच्या आधी बाटलीत बुडबुडे दिसतात का?"

"नाय."

"आणि दाबली की?"

"फसफसतंय."

"आत वायू असतोच, दाबाने मुरलेला. दाब एकदम गेला की तो फुटून निघतो. खोल पाण्यात आपल्या श्वासातला नायट्रोजन तसाच रक्तात, मांसात मुरतो. जेवढं खोल आणि जेवढा जास्त वेळ, तेवढा जास्त. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. झटक्यात वर आला तर आतल्या आत बुडबुडे धरतात."

कमळाकर हसला. "म्हंजे मानसाचा सोडा होतंय."

"हो. आता लक्षणं ऐका. अंगाला खाज. सांधे दुखणं. पायांना मुंग्या. मग कमरेखाली बधिरपणा. पाय उचलत नाहीत. लघवी तुंबते. वर आल्यावर लगेच दिसेल असं नाही. पंधरा मिनिटांनी, तासाने…"

ती वाचत राहिली. कमळाकरचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण आता ते त्याचं वाटत नव्हतं.

"परत वाचा," तो म्हणाला.

तिने परत वाचलं. मग विचारलं, "पहिल्या पुस्तकातही आहे हे थोडक्यात. सरांनी शिकवलं नाही?"

कमळाकर उठला आणि तलावाच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. पुष्कळ वेळ धूत राहिला.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी एक धक्का बांधायचं काम चाललं होतं. खांबांच्या बुडाशी पडलेले दगड काढायचे, खोली पंधरा मीटर. कंत्राटदाराचा हुकूम असा, की एका माणसाने एका बुडीत एक खांब मोकळा करायचा. त्याला तीन तास लागत. खाली कोण जाणार आणि दोरीवर कोण बसणार हे आलटून पालटून ठरे. कमळाकर आणि शिवा भोईर यांची जोडी होती. एका गावची, एका वयाची.

दोरीवर कमळाकरसारखा गडी नव्हता. दोरी ओढणं हे नुसत्या ताकदीचं काम नाही. हात पुढे टाकायचा, पाठ लावायची, दुसरा हात येईपर्यंत पहिला सोडायचा नाही. मध्ये थांबलं की वजन दुप्पट होतं. कमळाकर थांबत नसे. दाजी मुकादम आकडे मोजायचा. दुसऱ्यांना माणूस वर घ्यायला साठ, सत्तर आकडे लागत. कमळाकर पंचविसात घ्यायचा. विहिरीतून घागर यावी तसा माणूस वर यायचा.

त्या दिवशी शिवाचे तीन झटके आले आणि कमळाकरने त्याला अठरा आकड्यांत वर घेतला.

"अठरा!" दाजीने टाळी वाजवली. "घरताच्या हाताला मोटर बसवलीय रे!"

शिवाही हसला. मुखवटा काढला, चहा घेतला. वेणू, त्याची बायको, दुपारची भाकरी घेऊन धक्क्यावर आली होती. तो तिच्याशी दोन शब्द बोलला. मग म्हणाला, "पायाला मुंग्या आल्यात." दाजी म्हणाला, बसून बसून येतात. वेणू घरी गेली. पाऊण तासाने शिवा उठायला गेला आणि जागेवर कोसळला. पुन्हा उभा राहिला नाही.

गावात बोलणं एकच झालं. आसरांनी धरला. खाडीच्या पाण्यात आसरा असतात, सात बहिणी, आणि त्यांचा कोप झाला की त्या माणसाचे पाय धरतात, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कमळाकर स्वतः दर सोमवारी पाण्यात नारळ सोडायचा. कंत्राटदाराचा साहेब चौकशीला आला. त्याने विचारलं, काय झालं? कमळाकर म्हणाला, "साहेब, आसरांनी धरला." साहेबाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि सही घेतली. अपघात कामामुळे झालेला नाही, असं त्या सहीवर ठरलं. शिवाला काही मिळालं नाही.

आसरा कोपल्या, पण का? कारण शोधायला बायकांना दोन दिवस लागले. वेणू त्या दिवशी बाजूला बसायच्या दिवसांत होती. विटाळशी बाई धक्क्यावर गेली, पाण्यावर सावली पाडली. शिवाच्या आईने सुनेला अंगणात उभी करून हे सांगितलं, आणि तेव्हापासून सात वर्षं रोज कशावरून तरी सांगत आली. भात करपला तरी ते, कोंबडी मेली तरी ते. वेणूने ते मान्य केलं होतं. दर अमावास्येला ती अनवाणी खाडीवर जायची, ओटी सोडायची, पाण्याची माफी मागायची. माहेर चिरनेरला. सात वर्षांत एकदाही गेली नाही. शिवाला उचलणार कोण?

सोमवारी सकाळी कमळाकर उदयसिंहच्या ऑफिसात गेला. "सर, पंधरा मीटरवर तीन तास काम केलं, तर वर कसं यायचं?"

उदयसिंहने खणातून एक जुनं, मळकं कोष्टक काढलं. काम करणाऱ्या पाणबुड्यांचं. त्याने बोट फिरवलं. "पन्नास फूट, एकशे ऐंशी मिनिटं… दहा फुटांवर थांबायचं. म्हणजे तीन मीटर. अर्धा तास धर."

"अर्धा तास काय करायचं?"

"काही नाही. दोरीला धरून लटकायचं."

कमळाकर खुर्चीवर बसला. उदयसिंहसमोर तो कधी बसत नसे.

"सर, हे तुमी मना पयल्या कार्डाला का नाय शिकवलं?"

"अरे, तुला काय गरज? एकवीस वर्षं पाण्यात काढलीस तू."

"तेच बोलतंय मी. एकवीस वरसं."

उदयसिंहला काही कळलं नाही. कमळाकरने सांगितलंही नाही. कुणा साहेबावर चिडून आता काय होणार होतं? दाजीला ठाऊक नव्हतं, कंत्राटदाराला ठाऊक असेल-नसेल. आकडे दाजीने मोजले, पण दोरीला हात कमळाकरचे होते. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की शिवाला वाचवायला कुणाच्या कष्टाची गरजच नव्हती. अर्धा तास काही न करता बसणारा एखादा आळशी माणूस दोरीवर हवा होता.

पुढच्या रविवारी खोल बुडी झाली. उदयसिंह पुढे, मग निनाद आणि चारुता, शेवटी कमळाकर. निनाद तेवढी एक बुडी करून बघू म्हणून आला होता. तेवीस मीटरवर दहा मिनिटं राहिले आणि वर यायला निघाले. पाच मीटरवर दोरीला गाठ मारलेली होती. तिथे तीन मिनिटं थांबायचं. निनाद मिनिटभर थांबला आणि अंगठा वर करून निघाला. कमळाकरने त्याचा घोटा धरला. निनादने पाय झाडला. कमळाकरने सोडला नाही. तीन मिनिटं होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

काठावर आल्यावर निनादने मास्क काढून आपटला. "डोकं फिरलंय का तुमचं? दहा मिनिटांची बुडी होती! न थांबता आलो असतो तरी काही झालं नसतं!"

"नसतं झालं," कमळाकर म्हणाला.

"मग?"

"मग काय नाय. तीन मिनटं होती, तीन मिनटं थांबायचं."

निनाद टॉवेलने डोकं पुसत बसला. राग उतरल्यावर जवळ आला. "घोट्याला वळ उठलाय, बघा. बरं, आता खरं सांगा. हे दुसरं कार्ड घेऊ की नको? तुम्हीच म्हणाला होता, पाणी कार्ड बघत नाही."

"ते मी चुकीचं बोललो, साहेब. पोकळ बोललो." कमळाकर सिलिंडर सोडवत होता. "अठराच्या खाली जायचं नसंल तर नका घेऊ. मासे वरपन हायेत. पाच बुड्यांनी कोन मोठा होत नाय. पन ज्याला खाली जायचं हाय त्यानं घ्यावं, आनि पुस्तकासकट घ्यावं. पाच बुड्यांत पाच वेळा तरी मानूस सावकाश वर येतंय. दुसऱ्यानं खुणा करून दिलेलं कार्ड असंल, तर ते पयलं असो का दुसरं, चुलीत घाला."

उदयसिंह ऐकत होता. त्याने दुसरीकडे बघितलं.

त्या संध्याकाळी कमळाकर शिवाकडे गेला. शिवा ओटीवर खाटेवर पाठीशी गोधड्यांचा ढीग लावून जाळं विणत होता. आता तेवढंच काम त्याच्या हातात उरलं होतं, आणि गावात त्याच्यासारखं जाळं कुणी विणत नसे. वेणू पाण्याला गेली होती. म्हातारी शेजारच्या घरी.

"शिवा, मना एक सांगायचं हाय."

"पोरीचं लगीन जमलं?"

"नाय. तुज्या पायांचं हाय."

कमळाकरने सांगितलं. गोटी सोडा, बुडबुडे, तीन मीटर, अर्धा तास. काही गाळलं नाही. शिवाचा हात विणता विणता थांबला.

"म्हंजे मी तितं अर्धा तास लटकत ऱ्हायलो असतो, तर आज चाललो असतो?"

"चालला असतास."

"आनि तू ओढला मना."

"मी ओढला."

"अठरा," शिवा म्हणाला. "दाजीनं टाळी वाजवलेली."

"हां."

शिवाने सुतळीची गाठ सोडवली, पुन्हा मारली. कमळाकरला वाटलं, आता शिव्या देईल. त्या खायच्या तयारीने तो आला होता. शिवा म्हणाला, "वेणूला बोलू नको."

"का?"

"तिला वाटतंय चूक तिची हाय. म्हनून ती उचलते मना, धुते, कूस बदलते. ज्या दिशी तिला कळंल चूक तिची नाय, त्या दिशी ती कशाला थांबंल इतं? तू बोलून मोकळा होशील. मी काय करू?"

"शिवा, म्हातारी सात वरसं तिचं रगत पितंय."

"पिऊ दे. मेली नाय ती." त्याने मान वळवली. "माजे पाय तू नेलेस. आता हात बी नेतोस काय?"

कमळाकर सायकल हातात धरून चालत घरी गेला. चढायचं त्याला सुचलं नाही.

चोवीस दिवस त्याने तोंड उघडलं नाही. कामावर गेला, सिलिंडर भरले, खाणीत राहिलेल्या बुड्या केल्या, चारुताकडे जाऊन परीक्षा दिली. पन्नास प्रश्न तिने वाचले, खुणा त्याने केल्या. चव्वेचाळीस बरोबर आले. हे कार्ड त्याचं होतं. घरी बायकोने विचारलं, जेवत का नाही. तो म्हणाला, पोट बरं नाही.

अमावास्येला सकाळी कामावर निघाला, तर खाडीच्या बांधावर वेणू दिसली. अनवाणी, हातात सूप, सुपात खण, हिरव्या बांगड्या, तांदूळ. ती पाण्याशी वाकली होती आणि ओठांनी काही पुटपुटत होती. माफी मागत होती. कमळाकरने सायकल बांधावर आडवी टाकली.

"वैनी, ते सूप पाण्यात सोडू नको."

ती दचकली. "भावोजी? का?"

त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. सांगताना त्याने एकदाही 'आम्ही' म्हटलं नाही. 'मी' म्हटलं. वेणूने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "तुमाला कवा कळलं?"

"महिना झाला."

"आनि आज सांगताव."

"शिवा नको बोलला. त्याला सांगून चोवीस दिस झाले."

आता तिच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. नवऱ्याचे पाय कुणी घालवले, हे ऐकताना ती स्थिर उभी होती. नवऱ्याला हे चोवीस दिवस ठाऊक होतं, या ठिकाणी ती हलली. तिने सूप काखेला मारलं. "चला."

घरी म्हातारी अंगणात तांदूळ निवडत होती. वेणूने कमळाकरला तिच्यासमोर उभं केलं. सात वर्षांपूर्वी जिथे तिला उभं केलं होतं, तिथेच. "आईंना सांगा. मोठ्यानं सांगा. शेजारी ऐकू देत."

कमळाकरने मोठ्याने सांगितलं. बुडबुडे म्हातारीला कळले नाहीत. दोरी कळली. ती उठली आणि तिने मूठभर तांदूळ त्याच्या तोंडावर मारले. "तू? तू ओढलास माज्या पोराला? आनि सात वरसं माज्या घरची भाकर खातंस सणाला?" मग तिला श्वास पुरेना इतक्या शिव्या तिने घातल्या. ओटीवर शिवाने तोंड भिंतीकडे केलं होतं. सुनेकडे बघून म्हातारी एक शब्द बोलली नाही. चुकले, एवढंही नाही.

वेणू आत गेली आणि बोचकं बांधून बाहेर आली.

"मी चिरनेरला जातंय. आईचा उंबरा बघून सात वरसं झाली." ती कमळाकरला म्हणाली, "सकाळी सहाला यायचं. आधी कूस बदलायची, मग पाठ पुसायची, कोरडी करायची, मग पावडर. लघवीची पिशवी बदलायची. दुपारी एकदा, सांजचं एकदा. पाठीला जखम पडली तर तुमाला धरीन. आसरांना नाय."

"कवा येशील?" ओटीवरून शिवाने विचारलं. भिंतीकडे बघूनच.

तिने चपला घातल्या आणि ती वाटेला लागली.

दुसऱ्या दिवसापासून कमळाकर सहाला जाऊ लागला. माणूस ओढणं आणि माणूस उचलणं, दोन्ही वेगळी कामं आहेत. दुसरं त्याला येत नव्हतं. पहिल्या दिवशी शिवाचा खांदा खाटेच्या कडेवर आपटला. म्हातारी उंबऱ्यात बसून शिव्या घालायची. गरम पाणी मात्र ती स्वतः आणून ठेवायची. सिलिंडर भरायला पोचायला कमळाकरला रोज नऊ वाजू लागले. उदयसिंह चार दिवस गप्प बसला, मग म्हणाला, असं चालणार नाही. कमळाकर म्हणाला, नसेल चालत तर दुसरा बघा.

दुसरं कार्ड पाकिटातून आलं. या फोटोत डोळे उघडे होते. क्लब डिसेंबरात लक्षद्वीपला गेला. कमळाकर गेला नाही; मदतनीस म्हणून उदयसिंहने मुंबईचा एक जण नेला. चारुताने परत आल्यावर सांगितलं, की तीस मीटरवरून होडीचं बूड दिसतं, वल्हंसुद्धा दिसतं. कमळाकरने ऐकून घेतलं.

वेणू मात्र त्या सहलीच्या पुष्कळ आधी परत आली होती. नवव्या दिवशी सकाळी. कमळाकर शिवाची पाठ पुसत होता. तिने बोचकं खाली ठेवलं, पुढे येऊन पाठ बघितली, बोट फिरवून बघितली. जखम नव्हती. मग ती चुलीकडे गेली. उद्यापासून येऊ नका, असं ती त्याला म्हणाली नाही.